कंदील उतरवायचा कधी?

तुळशीचे लग्न लागले, त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले. तरी शहरातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय वसाहतीतून संध्याकाळी फेरी मारावी, तर गॅलऱ्यागॅलऱ्यांतून दिवाळीच्या माळा लुकलुकताना दिसतात. एखादा आकाशकंदीलही असतो, उन्हाने विटलेला, झिरमिळ्या झडलेला. आता नाताळ तोंडावर आला, मग इंग्रजी नवे वर्ष, मग कुणाच्या घरचे लग्न. परत लावायचीच आहे तर माळ उतरवायची कशाला, असा साधा हिशेब यामागे असतो. एकेका घरापुरता तो बरोबरही आहे. पण सगळ्या शहराने तोच हिशेब मांडला की सणाची रोषणाई सणापुरती राहत नाही. याला केवळ आळस म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. त्याच्या मुळाशी विजेचे अर्थकारण आहे.

थोडी आकडेमोड करू. आपल्या लहानपणी कंदिलात चाळीस वॉटचा बल्ब असे. रोज सहा तास जळला तर पाव युनिटच्या थोडी कमी वीज. एवढ्याचाही घराला धाक होता. निजण्यापूर्वी कंदील बंद केला की नाही, हे कुणीतरी उठून पाहून येई. आजची एलईडीची साधी माळ पाच वॉटच्या आसपास वीज घेते. म्हणजे त्या एका बल्बच्या विजेत आठ माळा. एक माळ रोज बारा तास, महिनाभर चालू ठेवली तरी दोन युनिटे होत नाहीत. पूर्वी बिल आले की घरातला कर्ता माणूस माळा उतरवा म्हणायचा. आता बिलाला काही म्हणायचेच नसते.

ही स्वस्ताई कुठून आली, तेही थोडक्यात पाहू. लाल आणि हिरवा एलईडी जुना. अडले होते ते निळ्यापाशी, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळेना. ते काम करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये आपल्याकडे ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा दर २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरला. या योजनेने देशाची वीज वाचली हे निःसंशय. पण वस्तू स्वस्त झाली की माणूस ती कमी वापरत नाही, अधिकच वापरतो, हे जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच कोळशाच्या बाबतीत सांगून ठेवले आहे. कोळशाच्या जागी आपण फक्त माळ लटकवली.

माळा आल्या त्या बहुतांशी चीनमधून. लोहार चाळीत मिरचीच्या आकाराच्या दिव्यांची तोरणे मिळत, ती मागे पडली. २०१६ च्या दिवाळीत चिनी मालावर बहिष्काराची हाक आली, २०२० मध्ये गलवाननंतर ती अधिक मोठ्याने आली. दोन्ही वेळा वाद झाला तो माळ कुठली याचा. ती किती दिवस लावायची, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

खरे तर देशी कारागिराचे पोट याच प्रश्नाशी बांधलेले आहे. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी एकदा जाऊन यावे. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि घरातल्या बायकामुलांचे हात यांतून उभा राहणारा हा धंदा. बँकेत असताना अशा हंगामी धंद्यांची कर्जप्रकरणे माझ्यासमोर येत. माल महिना-दोन महिने आधीपासून करायचा, पैसा सुटायचा तो आठ-दहा दिवसांत, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस आला की कागदाचा लगदा. असा साठा तारण धरायला कुठलाही अधिकारी नाखूष असतो. मग कारागीर सावकाराकडे जातो. त्याच्या बाजूने एकच गोष्ट होती. कागदाचा कंदील एका दिवाळीचा. तो उतरतो, फाटतो, म्हणून पुढच्या वर्षी नवा लागतो. घडीचा प्लॅस्टिकचा कंदील पाच वर्षे टिकतो, आणि टिकाऊपणाचे कौतुक करताना आपण एका कुटुंबाचे चार हंगाम बुडवतो.

आपल्या परंपरेत उतरवण्याला मुहूर्त होता. कार्तिकातला आकाशदिवा कार्तिक संपला की उतरे. देवळापुढची दगडी दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेला उजळते आणि एरवी बहुतेक काळ काळी उभी असते. म्हणूनच त्या रात्री माणसे ती पाहायला जातात. गोव्यात आणि वसईत नाताळचा तारा दारावर चढतो, त्यालाही ख्रिस्ती पंचांगात तीन राजांच्या सणाचा, ६ जानेवारीचा, शेवट आहे. आणि घरात आणलेला गणपती ठरल्या दिवशी पाण्यात सोडणाऱ्या समाजाला उतरवणे अवघड जावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

घरांचे हे झाले. नगरपालिका तर पुढे गेल्या. मुंबईत सुशोभीकरणाच्या नावाखाली २०२२-२३ मध्ये रस्त्याकडेच्या झाडांना बुंध्यापासून फांद्यांपर्यंत माळा गुंडाळल्या गेल्या, त्याही बारमाही. प्रकरण २०२४ मध्ये उच्च न्यायालयात गेले. रात्री त्याच फांद्यांवर पाखरे असतात आणि झाडालाही काळोख लागतो, हे सांगायला खरे म्हणजे न्यायालय लागू नये.

काळोख माणसालाही लागतो. आमच्या सोसायटीच्या सभेत एका बाईंनी तक्रार मांडली. समोरच्या गॅलरीतली निळी-पांढरी माळ रात्रभर उघडमीट करते, तिचा झोत थेट त्यांच्या आजारी यजमानांच्या पलंगावर येतो. पडदा लावला तर हवा येत नाही. बाईंचे म्हणणे एवढेच, की अकरानंतर ती बंद ठेवावी. उत्तर आले, “तुम्हाला आमचा सण खुपतो का?” सभा गप्प झाली. दिवाळी होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. बाईंच्या स्वतःच्या दारातही दिवाळीत पणत्या होत्या, हे कुणाला आठवले नाही. बाई खाली बसल्या.

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. उजेडाबद्दलची तक्रार सणाविरुद्धची तक्रार ठरू लागली, तर शेजाऱ्याने बोलायचे कसे? सणाला शेवटचा दिवस असे, तेव्हा हा प्रश्न उद्भवत नव्हता. पाच दिवस, फार तर पौर्णिमेपर्यंत, कुणीही कुणाचा उजेड आनंदाने सोसत असे.

धोक्याचेही बोलायला हवे. माळांना आता भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, पण पदपथावर घेताना खोक्यावरची खूण कोण पाहतो? ती वायर केसासारखी बारीक, उन्हात आठ महिने राहिली की वरचे आवरण तडकते, आणि बहुतेक वेळा ती लोखंडी ग्रिललाच गुंडाळलेली असते. पहिल्या पावसात त्याच ग्रिलला धरून मुले उभी राहतात. जुने तोरण टेस्टर आणि टेप घेऊन दुरुस्त तरी करता येई. बिघडलेली नवी माळ आमचा भंगारवालाही घेत नाही. त्यात तांबे ते किती असणार?

यावर कायदा करा असे मी म्हणणार नाही. सोसायटीच्या पातळीवर दोन गोष्टी ठरवता येतात: रात्री बंद करण्याची वेळ आणि उतरवण्याची तारीख. पहिली आमच्याकडे अजून वादात आहे. दुसरी निदान सामाईक रोषणाईपुरती मार्गी लागली. कंत्राटदार माळा चढवायला दहा माणसे आणतो, उतरवायला महिनाभर फिरकत नाही, हा नेहमीचा अनुभव. यंदा समितीने त्याच्या बिलातला पाव हिस्सा राखून ठेवला आणि माळा उतरल्यावरच तो मिळेल, असे आधी लिहून घेतले. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याची शिडी गच्चीला लागली होती.