चार अंशांची गोष्ट

परवा बोनकोड्याहून वहिनीचा फोन. "भावजी, पोरीचा बाक वाढला हो!" पुतणीच्या कण्याचा बाक सहा महिन्यांपूर्वी एक्स-रेत २२ अंश होता. आता दुसरीकडे २६ निघाला. वाढत्या वयात २५ च्या पुढे ब्रेसचा विचार होतो, त्यामुळे घरात नुसती रडारड.

मला वाटतं, आधी मोजणीकडे बघावं. १९४८ साली जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरांनी सांगितलेली रीत आजही चालते. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका निवडायचा, त्यांच्या कडेने रेघा ओढायच्या, मधला कोन मोजायचा. मणका वेगळा धरला, मूल जरा वेगळं उभं राहिलं, की आकडा बदलला! एकच फिल्म दोघांनी मोजली तरी पाचेक अंशांचा फरक येऊ शकतो.

म्हणून दुर्लक्ष करा असं मुळीच नाही. वयात येताना बाक खरोखरच झपाट्याने वाढू शकतो. वहिनीला एवढंच म्हटलं, दोन्ही फिल्म एकाच डॉक्टरांकडून, तेच मणके धरून, शेजारी ठेवून मोजून घे. मग ब्रेसचं ठरवू.

जुन्या फिल्म मात्र रद्दीत टाकू नका हं!