फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप सुरू होत नाही. टिपके नुसते गोल फिरत राहतात, नाहीतर पडदा निळा होऊन थांबतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेले असते, ‘विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावा लागेल.’ आपण मान डोलावतो. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. विंडोज पुन्हा टाकता येते. पाटीवर लिहिलेले परत येईलच असे नाही.

आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असते, ते आठवून पाहू या. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले दाखले, घराची कागदपत्रे, थोरल्याच्या निकाहचे फोटो, मरहूमा दादीचा आवाज. ही आपल्याकडची अमानत आहे. म्हणून दुरुस्ती करावी की नव्याने विंडोज टाकावे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, यातले काय दुसरीकडे जपून ठेवलेले आहे?

उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर दुकानदाराला स्पष्ट सांगावे, ‘आधी फाइली काढून द्या, मग हात लावा.’ विंडोज सुरू होत नसले तरी बहुतेक वेळा हे जमते. लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून, किंवा डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाइली उतरवता येतात. ‘सी ड्राइव्हच फॉरमॅट करतो, डी तसाच राहील’ हे आश्वासन अपुरे आहे. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सहसा सी ड्राइव्हवरच असतात, आणि आपण तर सगळे डेस्कटॉपवरच ठेवतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुखणे विंडोजचे नाही, डिस्कचे आहे. तिथे दुरुस्तीही नको आणि नवे विंडोजही नको. मशीन ताबडतोब बंद करावे, जाणकाराकडून फाइली काढून घ्याव्यात आणि डिस्क बदलावी.

डिस्क धड असेल तर लहान उपाय आधी. विंडोज १० आणि ११ सलग नीट सुरू झाले नाही, तर दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’ असते, नुकतेच आलेले अपडेट काढून टाकण्याची सोय असते, आणि ‘सिस्टम रिस्टोअर’ असते. रिस्टोअर आधीच्या तारखेची व्यवस्था परत आणते. आपल्या फाइलींना हात लावत नाही, पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम जातात. विंडोज सुरू होते पण अडखळते, अशा वेळी दुकानदाराला विचारावे, ‘एसएफसी आणि डीआयएसएम चालवून पाहिले का?’ ही विंडोजमधलीच साधने खराब झालेल्या सिस्टम फाइली दुरुस्त करतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर चालू विंडोजच्या आतूनच तेच विंडोज पुन्हा बसवता येते. त्यात फाइली आणि प्रोग्राम दोन्ही राखता येतात.

मात्र दुरुस्तीलाही हद्द हवी. हे उपाय करूनही तोच बिघाड परत आला, किंवा मशीनमध्ये व्हायरस खोलवर शिरला असेल, तर नव्याने विंडोज टाकणेच शहाणपणाचे. रोज ठिगळ लावत बसण्यात वेळही जातो आणि पैसाही.

नव्याने टाकताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर फाइली राहतात, प्रोग्राम जातात. उर्दू लिहिणाऱ्या घरांत याचा फटका बसतो. इनपेजची फाइल जागेवर असते, पण इनपेजशिवाय उघडत नाही. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूरही तो फॉन्ट गेला की अगम्य चिन्हे होऊन बसतो. म्हणून महत्त्वाच्या लिखाणाची पीडीएफ प्रत आधीच काढून ठेवावी. दुसरे, नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा बिटलॉकरचे कुलूप असते. त्याची ४८ आकडी किल्ली सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आधी वहीत उतरवून घ्यावी. तिसरे, विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपवर तीच आवृत्ती परत टाकायला सहसा पुन्हा पैसे पडत नाहीत. मग चोरीची प्रत का घ्यावी? ती हक्काची नाही, आणि तिच्यासोबत व्हायरसही घरात येऊ शकतो. चौथे, विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीनमध्ये टीपीएम २.० असेल आणि ते इतर अटींतही बसत असेल, तर विंडोज ११ चा विचार करावा.

उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावे, ही शिकवण आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. येत्या सुट्टीत घरातले दाखले आणि फोटो एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दुसरी प्रत भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा. मग दुकानदार फॉरमॅट म्हणो वा दुरुस्ती, फैसला तुम्हाला घाबरून करावा लागणार नाही, इन्शाअल्लाह.