स्टिअरिंग फिरतं, चाक फिरत नाही

गेल्या महिन्यात धाकटी भावजय आमच्याकडे आली, तेव्हा चहा पिता पिता सहज म्हणाली, "भाईजान, हे सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सारखं डावं-उजवं करत असतात. सगळेच असं चालवतात का?"

भाऊ तिथेच बसला होता. म्हणाला, "जुनी गाडी आहे भाई, एवढा प्ले असतोच. आत्ताच बॉक्स टाइट करून घेतलाय."

भावाची पिकअप अठरा-एकोणीस वर्षांची आहे. पुढेही पाटेच असलेली, पॉवर स्टिअरिंग नसलेली. तो मिरकरवाड्याहून मासळी भरतो आणि आंबा घाटाने कोल्हापूरला पोचवतो. भावजय माहेरी जायची असली की त्याच केबिनमध्ये शेजारी बसते. म्हणून तिचा प्रश्न आम्हाला सहज सोडून देता येईना. आम्ही विचारलं, "बॉक्स टाइट केल्यावर घाटात काही फरक वाटतो का?" तो म्हणाला, "प्ले कमी झाला, पण वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. हाताने आणावं लागतं."

ही खूण चांगली नव्हती. जुन्या गाड्या असलेल्या बऱ्याच घरांत हीच चूक होते, म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

आधी नेमकी तक्रार ओळखावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पहिल्यांदा टायरमधली हवा बघावी, मग अलाइनमेंट आणि ब्रेक. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांचं बॅलन्सिंग बघावं. पण स्टिअरिंग थोडं फिरवलं आणि चाक जागचं हललंच नाही, तर त्याला प्ले म्हणायचं. तो मोजता येतो. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ. स्टिअरिंगच्या कडेला खडूची खूण करा. चाक हलायला लागेपर्यंत एका बाजूला हलकेच फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. मधलं अंतर पट्टीने मोजा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून मोजा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 98व्या नियमात हा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे. स्टिअरिंगचा व्यास 40 सेंटीमीटर धरला, तर कडेवर ते साधारण साडेदहा सेंटीमीटर होतात. भावाच्या गाडीचा प्ले आम्ही मोजला तो साडेसहा. भाऊ खूश झाला. "बघा, नियमात बसतोय!"

बसत होता खरा. पण आकड्यावरून प्ले किती आहे एवढंच कळतं, तो कुठे आहे हे कळत नाही. बॉक्समध्ये साडेसहा सेंटीमीटर प्ले असला, तर गाडी चालवताना वैताग येतो. त्यातला निम्मा जरी एखाद्या बॉल जॉइंटमध्ये असला, तर जिवावर बेतू शकतं. त्याच 98व्या नियमात बॉल जॉइंटला रबरी टोपी असावी आणि नट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असंही सांगितलं आहे. ते वाक्य फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्ले शोधायला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस मिस्त्रीच असलं पाहिजे असं नाही. आमच्याकडे भावजय स्टिअरिंगवर बसली आणि आम्ही खाली शिरलो. गाडी चारही चाकांवर जमिनीवरच हवी. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, खाली भक्कम स्टँड असल्याशिवाय तर नाहीच.

वरच्या माणसाने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हळूहळू हलवत राहायचं. खालच्याने वरून खाली एकेक जोड बघायचा आणि त्यावर हात ठेवायचा. बोट कुठे चिमटणार नाही याची काळजी घ्यायची. आधी कॉलमच्या खालचा क्रॉस. मग बॉक्समध्ये जाणारा दांडा आणि बॉक्समधून निघणारा आर्म. दांडा फिरतो आणि आर्म उशिरा हलतो, तर प्ले बॉक्समध्ये. आख्खा बॉक्सच चेसिसवर हलतो, तर त्याचे बोल्ट सैल आहेत किंवा चेसिसला तडा गेला आहे. मग ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं आणि शेवटी टाय रॉडची दोन्ही टोकं. हिशेब सोपा आहे: ज्या जोडात हालचाल शिरते आणि पलीकडे पोचत नाही, प्ले तिथेच.

आमच्या गाडीत बॉक्स ठीक निघाला. ड्रॅग लिंकही ठीक. डाव्या टाय रॉड एंडवर हात ठेवला आणि कट-कट लागली. टाय रॉड हलत होता, चाकाचा आर्म मागाहून हलत होता. रबरी टोपी फाटून लोंबत होती, आत ग्रीसच्या जागी लाल चिखल. या जोडात एका वाटीत गोळा फिरतो. टोपी फाटली की पाणी-माती आत जाते, वाटी झिजते, आणि एक दिवस गोळा वाटीतून निसटतो. मग दोन चाकं दोन दिशांना, आणि स्टिअरिंग नुसतंच हातात. हे आंबा घाटात झालं असतं तर काय, हे कुणी बोललं नाही.

पुढचं चाक उचलून आणखी एक परीक्षा करता येते, तीही स्टँड लावूनच. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खुळखुळलं, तर व्हील बेअरिंग किंवा किंग पिन. वरच्याला ब्रेक दाबायला सांगा. खुळखुळ थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंग पिन. डावीकडून-उजवीकडून धरून हललं, तर पुन्हा टाय रॉड एंड बघा. पाट्यांचे यू-बोल्ट आणि बुशही बघून घ्या. ते सैल असले तर आख्खा अॅक्सलच सरकतो आणि दोष स्टिअरिंगवर येतो.

आता बॉक्सच्या स्क्रूबद्दल. आतले दाते चाकं सरळ असताना सगळ्यात घट्ट बसावेत, अशीच त्यांची बनावट असते. गाडी जास्त वेळ सरळच चालते, म्हणून झीजही मधेच जास्त. तो स्क्रू गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे, थोडा-थोडाच फिरवायचा असतो. जास्त आवळला की वळणात दाते अडकतात आणि स्टिअरिंग सरळ येत नाही. भावाच्या गाडीत हेच झालं होतं. झीज टाय रॉडला आणि पाना बॉक्सला. वरून प्ले कमी झाल्यासारखा वाटला, आतला धोका तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेचा माल ठरलेला होता. भाऊ म्हणाला, "भाई, एवढी एक खेप मारून येतो. व्यापाऱ्याला जबान दिलीय." आम्ही चावी दिली नाही. माल दुसऱ्या गाडीतून गेला, भाडं बुडालं, आणि भाऊ दिवसभर आमच्याशी बोलला नाही.

उस्तादांना घरीच बोलावलं. त्यांनी दोन्ही टाय रॉड एंड बदलले. काढताना आटे मोजले, म्हणजे नवीन तेवढेच बसवता येतात. नट कसल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तेव्हा नट थोडा आणखी आवळला. त्यासाठी नट सैल कधीच करायचा नसतो. नवीन पिना टाकल्या, बॉक्सचा स्क्रू पुन्हा जागेवर आणला, आणि तिथून गाडी थेट अलाइनमेंटला नेली. टाय रॉडला हात लागला की हे करावंच लागतं, नाहीतर नवे टायर महिन्याभरात खाल्ले जातात. नंतर मोजलं तेव्हा प्ले अडीच सेंटीमीटर भरला.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं. पण टोपी फाटायला वर्ष लागत नाही. आता महिन्यातून एकदा भावजय स्टिअरिंगवर बसते आणि भाऊ खाली शिरतो. दहा मिनिटांचं काम आहे. आपल्या घरी जुनी पिकअप असेल, तर या आठवड्यात करून बघा. आणि शेजारी बसणारं माणूस काही म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका.