‘कॅन्सर आहे’ एवढंच सांगणारा रिपोर्ट पुरेसा नाही

शिश्नाच्या कर्करोगाच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आपल्याकडे बऱ्याचदा एका ओळीत आटोपतो. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, पुढे ग्रेड, की झालं! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात या कर्करोगाचे सरळ दोन गट केलेले आहेत: एचपीव्ही विषाणूशी संबंधित आणि एचपीव्हीशी संबंध नसलेला. रुग्ण कोणत्या गटात बसतो हेच कागदावर नसेल, तर तो रिपोर्ट अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पेशीत नेमकं काय घडतं ते पाहू. साधारण निम्म्या रुग्णांच्या गाठीत एचपीव्ही सापडतो, त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार सर्वांत जास्त. या विषाणूचं ई६ नावाचं प्रथिन पी५३ ला नष्ट करवतं. पी५३ म्हणजे बिघडलेल्या पेशीला अडवणारा पहारेकरी. ई७ हे दुसरं प्रथिन आरबी नावाचा ब्रेक निकामी करतं. आरबी गेला की पेशीत पी१६ साचू लागतं. पी१६ चं कामही वाढ रोखण्याचंच, पण ते आरबीमार्फत चालतं, आणि आरबीच उरलेला नाही. त्यामुळे पेशी थांबत नाही. आपल्याला मात्र खूण मिळते. खास रंग दिल्यावर गाठीत पी१६ सलग, गडद उमटलं की विषाणूचा हात आहे असं धरतात.

दुसऱ्या गटात विषाणू नसतो. तिथे असते वर्षानुवर्षं मागे न सरकणारी कातडी, तिच्याखालचा सततचा दाह, लायकेन स्क्लेरोसस हा पांढऱ्या चट्ट्यांचा आजार. या गाठींत पी५३ चा जनुकच अनेकदा बिघडलेला असतो. तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नकोच.

पी१६ पॉझिटिव्ह रुग्ण सरासरीने जास्त जगतात, आणि पी५३ बिघडलेल्या गाठी जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचण्याची शक्यता अधिक, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘डॉक्टर, ऑपरेशन तर तेच करायचं, मग हा खर्च कशाला?’ यातलं पहिलं अर्धं खरं आहे. पी१६ बघून आज शस्त्रक्रिया बदलत नाही. जांघेतल्या ग्रंथींत रोग गेला आहे का, हाच भवितव्याचा सर्वांत मोठा निकष आहे, आणि पी१६ पॉझिटिव्ह आलं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पण घशाच्या कर्करोगात हीच तपासणी नेमाने होते. तिथे भवितव्य जाणून घेण्याचा हक्क, आणि इथे काटकसर? मला तर वाटतं, खरं कारण खर्च नसून संकोच आहे. अवयवाचं नाव घ्यायलाच जिथे तोंड उघडत नाही, तिथे जास्तीची तपासणी मागणार कोण?

शिवाय हा प्रश्न एकट्या रुग्णाचा नाही. गाठ विषाणूची निघाली, तर पत्नीच्या गर्भाशयमुखाची तपासणी टाळून चालणार नाही. ती बऱ्याच जणींची आयुष्यात एकदाही झालेली नसते. मात्र या रिपोर्टला चारित्र्याचा दाखला समजू नका. एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सर्रास आढळतो, बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि ज्यांच्यात टिकतो त्यांना कर्करोग व्हायला दशकं लागू शकतात. कुणाकडून, कधी, हे पी१६ सांगत नाही.

‘एचपीव्ही म्हणजे बायकांचं दुखणं’ हा समजही याच संकोचाचा भाऊ. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही ही लस द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे मुलाच्या लसीबद्दल विचारणारे आईवडील मला क्वचितच भेटतात.

ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आधीच आलेला आहे, त्यांनी तो पुन्हा काढून बघा. पी१६ चा उल्लेख नसेल तर नव्याने तुकडा काढायची सहसा गरज पडत नाही. गाठीचा मेणात बसवलेला ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, त्यावरच ही तपासणी होते. तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना तसं विचारा, आणि पी५३ बद्दलही विचारा.