कामगंध सापळा : मोजणीविना उपाय अपुरा

मानकुराद आंब्याच्या एका फळात अळी निघाली की ग्राहकाच्या मनातून संपूर्ण पेटी उतरते. या हानीचे मूळ फळमाशीत आहे. मादी पक्व होऊ लागलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. अळ्या गर खाऊन वाढतात, मग मातीत शिरून कोष करतात. बाहेरून फवारलेले कीटकनाशक गरातील अळीपर्यंत सहसा पोहोचत नाही. काढणीच्या तोंडावर फवारल्यास विषाचा अंश मात्र फळावर उरतो. म्हणूनच गंधाचे आमिष लावलेल्या सापळ्यांकडे गांभीर्याने पाहायला हवे.

अशा गंधांवरील संशोधन विविध किडींबाबत झाले आहे. मावा किडीची मादी नराला बोलावण्यासाठी सोडते तो गंध ब्रिटनमधील रॉथमस्टेड येथील शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये ओळखला. थंड देशांत शरद ऋतूत माव्याचे नर या गंधाकडे ओढले जातात. त्यांच्या संख्येवरून किडीच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो. उष्ण प्रदेशात मात्र मावा बहुतांशी नराविनाच वाढतो. जेथे नरच नाही, तेथे त्याला भुलवणारा गंध काय कामाचा? तेव्हा परदेशातील सापळा उचलून येथे टांगण्यापेक्षा आपल्या किडीचा स्वभाव आधी पाहिला पाहिजे.

फळमाशीच्या बाबतीत तो स्वभाव शतकापूर्वीच भारतात उमगला. बिहारमधील पुसा येथे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांना १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे नर माश्या झेपावताना आढळल्या. १९१५ मध्ये त्यांनी मिथाइल युजेनॉल या द्रव्याचे आकर्षण नोंदवले. काटेकोरपणे पाहता हा माशीचा स्वतःचा कामगंध नव्हे. ते तुळशीतही आढळणारे वनस्पतिजन्य द्रव्य आहे. पुढे प्रशांत महासागरातील रोटा बेटावर याच द्रव्यात कीटकनाशक मिसळून फळमाशीचे उच्चाटन झाले. १९६५ मध्ये ते यश प्रसिद्ध झाले.

रोटाचे यश समजून घेताना दोन गोष्टी विसरू नयेत. ते बेट होते आणि आमिष बेटभर पसरले होते. सापळ्यात केवळ नर अडकतात. उरलेला एक नरही अनेक माद्यांशी संग करू शकतो. शिवाय शेजारच्या बागेतून फलित मादी आली तर आपला सापळा तिला अडवत नाही. गोव्यातील बागा लहान आहेत. परसातील कलम, कुळागर, रस्त्याकडेचे रायवळ हे सारे माशीला सारखेच. एकट्या बागायतदाराने चार सापळे टांगून निर्धास्त राहणे म्हणजे गळक्या छपराखाली एकच भांडे ठेवणे होय.

सापळ्याचा खरा उपयोग मोजणीत आहे. ठरावीक जागी, दर आठवड्याला, फळ पक्व होण्यापूर्वीपासून नोंद ठेवली तर माशी वाढू लागल्याची चाहूल मिळते. त्यावरून काढणी लवकर उरकणे, गळलेली फळे गोळा करून नष्ट करणे, झाडाखालची माती उकरणे ही कामे वेळेवर होतात. नोंदीविना सापळा केवळ मेलेल्या माश्यांचे भांडे ठरतो.

ही नोंद एकट्याच्या वहीत अडकून पडू नये. कृषी खात्याने जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या सहकार्याने मोसमात गावनिहाय साप्ताहिक आकडे जाहीर करावेत आणि पंचायतींनी गळलेल्या फळांची विल्हेवाट सामूहिक पातळीवर लावावी. किती सापळे वाटले यापेक्षा किती सापळ्यांची नोंद झाली, हाच यशाचा निकष असावा.

मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती उठण्यास २०१५ उजाडले. मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आहे. मानांकन नावाला संरक्षण देते. फळाच्या आतले आरोग्य बागायतदारांनाच एकजुटीने राखावे लागेल.