माळ्यावरील पत्रे

नाशिक रोड येथे १९२५ साली सरकारी मुद्रणालय स्थापन झाले आणि पुढे टपालाची तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. ज्या नगरीचे नाव तिकिटांमुळे सर्वत्र गेले, तिने जुन्या पत्रांचीही कदर करावयास हवी.

एकोणिसाव्या शतकात घरचा मुलगा नोकरीसाठी दूर जाई, तेव्हा मागे राहिलेल्यांस पत्राचाच आधार असे. १८५४ साली टपालाचा दर देशभर सारखा झाला. पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात कितीही दूर जाऊ लागले. १८६५ साली थळ घाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि नाशिककडील तरुणांस मुंबई जवळ आली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. १८८० पासून टपालाने मनिऑर्डरही धाडता येऊ लागली.

‘तीर्थरूपांचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार’ अशा धर्तीवर पत्रास आरंभ होई. पुढे पगार, पाऊसपाणी, धाकट्या बहिणीचे लग्न, अशा घरगुती गोष्टी. आईस वाचता येत नसेल, तर शेजारच्या जाणत्याने पत्र वाचून दाखवावे आणि तिने म्हणावे, “पुन्हा एकदा वाचा.”

कोणी म्हणेल, थोरांची पत्रे जपावीत. एखाद्या कारकुनाचा खोकला आणि धान्याचे भाव जपून काय लाभ? पण राजांचे तह दप्तरात सापडतात. तुटपुंज्या पगारात घर कसे चाले, हे अशी पत्रेच सांगतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद मिळवले. त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे बावीस खंड सिद्ध झाले. पहिला १८९८ साली निघाला. ते कागद कोणीतरी जपले होते, म्हणूनच हे घडले.

खरी अडचण निराळीच आहे. ही पत्रे बहुधा मोडी लिपीत असतात. घरात ती कोणास वाचता येत नाही. मग निरुपयोगी ठरून ती रद्दीत जातात. परंतु आपणांस वाचता येत नाही, हा पत्राचा दोष नव्हे. मोडी आजही शिकता येते. जळालेले पत्र मात्र परत मिळत नाही.

म्हणून माळ्यावरील पेटीत असे कागद आढळल्यास मुलांनी ते वडीलधाऱ्यांस दाखवावेत, कोरड्या जागी ठेवावेत आणि मोडी जाणणाऱ्याकडे न्यावेत. त्या काळच्या आईने शेजाऱ्याकडून पत्र वाचून घेतले. आज तिच्या पणतवंडांनीही तेच करावयाचे आहे.