तेवढं चालतंय!

रोकडीत दहा रुपयांचा फरक निघाला, तर आमच्या शाखेतला कॅशिअर घरी जात नाही. शिपाई दिवे मालवायला येतो, तेव्हा हा गृहस्थ टेबलाखाली रांगत असतो. अशा माणसांत वीस वर्षं काढलेल्या मनुष्याला 'तेवढं चालतंय' हे शब्द ऐकवत नाहीत. आणि हिंजवडीच्या जमीनबाजारात दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही.

माणच्या अंगाला एक एन. ए. प्लॉट पाहायला गेलो होतो. एजंट म्हणाला, "दोन गुंठे, साहेब, रस्त्याला लागून." (रस्ता पुढल्या जन्मी होणार होता, ते असो.) कागद पाहिला, तर २०० चौरस मीटर. म्हटलं, "अहो, हे दोन आर झाले. दोन गुंठे कुठायत?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "गुंठा आन् आर एकच की, साहेब. थोडं इकडंतिकडं. तेवढं चालतंय."

नाही चालत! इंग्रजी अमदानीतली मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा : १,०८९ चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. आर ही फ्रान्सची लेक. दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे १,०७६ चौरस फूट आणि वर थोडी चिल्लर. गुंठ्यामागे साडेबारा चौरस फूट गेले की हो! माझ्या दोन गुंठ्यांत २५ गेले, म्हणजे पाच बाय पाचची एक अख्खी मोरी. एकराला हिशेब जातो ५०४ वर. तेवढ्या जागेला हिंजवडीत 'वन बीएचके' म्हणतात आणि आमची बँक तिच्यावर वीस वर्षांचे हप्ते लावते. त्यातला एक हप्ता चुकला, तर 'तेवढं चालतंय' असं पत्र आम्ही पाठवत नाही.

गंमत म्हणजे ही चूक आंधळी नाही. तिला आपलं घर बरोबर सापडतं. शेतकऱ्याकडून आरच्या दराने घेताना हाच इसम सांगतो, "एकर म्हंजे चाळीस आर." सातबाऱ्यावर ०.४०.४७ असतं, वरचे ४७ चौरस मीटर हा बोलता बोलता गिळतो. विकताना त्याच आरला गुंठा म्हणतो. दोन्ही टोकांना ठिगळ आपल्याला, मधलं कापड त्याला.

आमचे एक सहकारी म्हणतात, हा सगळा दशमानाचा दोष. मुळीच नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा आण्याचे सव्वासहा पैसे होत. तो पाव पैसा दुकानदाराच्याच गल्ल्यात पडे, असं वडील सांगत. पण रुपयाने एकदाचं जुनं घर सोडलं. जमिनीने कुठं सोडलं? सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणी गुंठ्यांत, फ्लॅटची जाहिरात चौरस फुटांत, करारनामा चौरस मीटरमध्ये, आणि घर बांधायला निघालात तर वाळू ब्रासमध्ये. एवढ्या भाषा आमच्या आयटी पार्कातसुद्धा बोलत नसतील.

माझी मागणी काही क्रांतिकारक नाही. गुंठा बोलायचा तर खुशाल बोला, आज्यापासूनचा शब्द आहे, गोड आहे. फक्त कागदावर त्याचे १०१.१७ चौरस मीटर लिहा, आणि तेवढे मोजून द्या.

एजंटला हेच सांगितलं. त्याने मोबाईलवर बराच वेळ आकडे दाबले. मग उदार होऊन म्हणाला, "बरं, साहेब, तुमच्यासाठी गुंठ्याला १०१ धरतो. वरचं पॉइंट सतरा सोडा ना. तेवढं..."

मी स्कूटरला किक मारली.